बुरशीच्या औषधालाही घड्याळ असतं: राज्याच्या क्षयरोग यंत्रणेला खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, आरोग्य सेवा, महाराष्ट्र राज्य,
आणि राज्यातले सर्व जिल्हा क्षयरोग अधिकारी

स.न.वि.वि.

मी फार्मासिस्ट आहे. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी मेडिकल चालवते. टीबी बरा झाल्यावर त्याच फुप्फुसात पुढे बुरशी घर करते, तिच्याबद्दल हे पत्र आहे. तिच्यावर औषध आहे आणि ते तालुक्याच्या दुकानातही मिळतं. तरी माणसं बरी होत नाहीत. औषध कशाबरोबर घ्यायचं, किती तासांनी घ्यायचं, किती महिने घ्यायचं आणि कुठल्या औषधाशेजारी घ्यायचं नाही, हे त्यांना कोणी सांगत नाही, हे त्यामागचं फार मोठं कारण आहे. हे सांगायची सवय आणि माणसं राज्यात तुमच्याइतकी दुसऱ्या कुठल्या यंत्रणेकडे नाहीत, म्हणून पत्र तुम्हाला.

आजार आपल्याला ठाऊक आहे, पण हे पत्र इतरही वाचतील म्हणून थोडक्यात सांगते. ॲस्परजिलस नावाची बुरशी आपल्याभोवती सगळीकडे असते. कडब्याच्या गंजीत, ओल्या धान्यात, कुजलेल्या पाल्यात, धुळीत. तिचे बीजाणू आपण रोज श्वासातून आत घेतो आणि धडधाकट फुप्फुस ते बाहेर टाकतं. पण टीबीने फुप्फुसात पोकळी करून ठेवली असेल तर बीजाणूंना तिथे आयती जागा मिळते. महिनोन्‌महिने बुरशी वाढत राहते, कधी तिचा गोळा बनतो. खोकला हटत नाही, वजन उतरतं, दम लागतो, खोकल्यातून रक्त पडतं. सगळी लक्षणं टीबीची. थुंकी तपासली तर टीबीचे जंतू नाहीत, तरी जुना टीबी आहे म्हटल्यावर पुन्हा टीबीचीच औषधं सुरू होतात.

हा दुर्मीळ आजार नाही. चंडीगडच्या पीजीआय या सरकारी वैद्यकीय संस्थेतल्या डॉक्टरांनी 2014 मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार भारतात टीबीनंतरच्या या आजाराचे सुमारे 2 लाख 90 हजार रुग्ण असावेत. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये घातक बुरशींची पहिली यादी काढली. तिच्यात ॲस्परजिलस फ्युमिगेटस सर्वांत वरच्या, म्हणजे अतिगंभीर गटात आहे.

औषधाच्या मुदतीने किती फरक पडतो याचा पुरावाही याच पीजीआयमधून आला. इट्राकोनाझोल हे जुनं, तोंडाने घ्यायचं औषध. 2013 मध्ये त्यांनी दाखवलं की सहा महिने इट्राकोनाझोल दिलेल्या रुग्णांपैकी सुमारे 76 टक्क्यांना गुण आला. नुसते आधाराचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण 36 टक्क्यांच्या आसपास होतं. मग प्रश्न आला की सहा महिने पुरेत का. 2022 मध्ये त्यांचा पुढचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एका गटाला सहा महिने औषध, दुसऱ्याला बारा महिने. दोन वर्षांत सहा महिनेवाल्यांपैकी 38 टक्के लोकांचा आजार उलटला, बारा महिनेवाल्यांपैकी 10 टक्के लोकांचा. औषध तेच, फरक फक्त मुदतीचा. औषधाचा दर, कंपनी, नवं की जुनं यावर आपण तासन्‌तास बोलतो, पण एवढा फरक पाडणाऱ्या मुदतीबद्दल रुग्णाच्या कागदावर एक ओळ नसते.

आता माझ्या काउंटरवर काय होतं ते सांगते.

आमच्याकडे इट्राकोनाझोल ही 'नायट्याची कॅप्सूल' आहे. गेल्या काही वर्षांत गजकर्ण इतकं पसरलं की घराघरात हे नाव पोचलं. शेजाऱ्याने पंधरा दिवस खाल्ली आणि खाज थांबली, हे प्रत्येकाने पाहिलेलं असतं. फुप्फुसाच्या रुग्णाला तीच कॅप्सूल लिहून मिळाली की पहिल्या महिन्यात थोडं बरं वाटलं तरी घरचे म्हणतात, आता पुरे, गरम पडतील. काही घरांत तर चार कॅप्सूल खाज सुटलेल्या सुनेला जातात. यात रुग्णाचा दोष नाही. त्वचेला पुरणारी मुदत आणि फुप्फुसातल्या पोकळीला लागणारी मुदत वेगळी असते, हे त्याला कळायला कोणीतरी सांगावं लागतं.

मग येते चिठ्ठी. तिच्यावर लिहिलेलं असतं 2-0-2. सकाळी दोन, रात्री दोन, एवढाच त्याचा अर्थ. जेवणाचा उल्लेख क्वचित. आणि जवळपास प्रत्येक चिठ्ठीवर शेजारी एक पित्ताची गोळी असते, पँटोप्राझोल किंवा रॅबेप्राझोल. एवढ्या कॅप्सूल पोटाला झेपाव्यात म्हणून सद्भावनेने दिलेली. इट्राकोनाझोलची साधी कॅप्सूल विरघळायला जठरातलं आम्ल लागतं. भरल्या पोटी घेतली तर ती चांगली शोषली जाते. पित्ताची गोळी तेच आम्ल कमी करते. म्हणजे एकाच चिठ्ठीतली एक गोळी दुसऱ्या औषधाचा मार्ग अडवते. रुग्ण महिन्याला 120 कॅप्सूल विकत घेतो, नियमाने गिळतो आणि रक्तात पोचतं त्यातलं थोडंसंच. तीन महिन्यांनी एक्स-रे तसाच असला की निष्कर्ष निघतो, या औषधाचा गुण येत नाही.

साधी कॅप्सूल उघडून पाहिली तर आत पावडर नसते. राजगिऱ्याएवढे बारीक गोल दाणे असतात. साखरेच्या मण्यांवर औषधाचा लेप चढवलेला असतो. मणी किती, लेप कसा, यावर ते औषध पोटात किती विरघळणार हे ठरतं. त्यामुळे या औषधात कंपनीगणिक फरक पडू शकतो, आणि दर महिन्याला वेगळी कंपनी म्हणजे दर महिन्याला नवा अंदाज. शिवाय आता 'सुबा' नावाच्या तंत्राच्या कॅप्सूल आल्या आहेत. त्या अन्नावर आणि आम्लावर कमी अवलंबून असतात आणि त्यांचा आकडाही वेगळा. सुबाची 65 मिलिग्रॅमची कॅप्सूल साधारण जुन्या 100 मिलिग्रॅमच्या बरोबरीची. बाजारात दोन्ही एकाच नावाने, वेगवेगळ्या आकड्यांनी शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात.

हा गोंधळ मी जवळून पाहिला. ऊसतोडीला जाणारे एक काका आमच्याकडून औषध नेत. दिवाळीनंतर टोळीबरोबर निघायच्या आदल्या संध्याकाळी आले. उसाच्या फडावर दिवस कसा असतो ते मी त्यांना विचारलं. पहाटे तीन-चारला उठायचं, काळा चहा, की लगेच तोड. भाकरी दहा-अकराला, फडातच. रात्रीचं जेवण गाडी भरून झाल्यावर, कधी नऊ, कधी अकरा. ते सकाळच्या दोन कॅप्सूल चहाबरोबर घेत होते, कारण चिठ्ठीवर पहिला आकडा सकाळचा होता आणि त्यांची सकाळ तेव्हा होत होती. मी पाकिटावर जाड पेनने लिहिलं, 'फडातल्या भाकरीवर 2, रात्रीच्या जेवणावर 2, चहावर नाही.' पित्ताच्या गोळीबद्दल त्यांच्या डॉक्टरांशी फोनवर बोलले आणि त्यांनी ती बंद केली. महिन्याभराने कारखान्याच्या गावाहून काकांच्या मुलीचा फोन आला. तिथल्या दुकानात 65 लिहिलेल्या कॅप्सूल मिळाल्या होत्या. आकडा लहान आहे, तर दोनाऐवजी तीन-तीन घेऊ का, असं ती विचारत होती. तिने विचारलं म्हणून निभावलं. हे औषध जास्त झालं तर पायांवर सूज, रक्तातलं पोटॅशियम कमी होणं, हृदयावर आणि यकृतावर ताण, असे त्रास होऊ शकतात.

तासांच्या बाबतीत एक गोष्ट नीट सांगायला हवी, नाहीतर लोक उगाच धास्तावतील. इट्राकोनाझोल शरीरात हळूहळू साठतं. त्याची पातळी स्थिर व्हायला दोन आठवडे लागतात. त्यामुळे रात्रीची कॅप्सूल नऊऐवजी अकराला घेतली तर काही बिघडत नाही. तासाभराच्या फरकापेक्षा जेवण कितीतरी महत्त्वाचं. पण याच गुणाची दुसरी बाजू कठीण आहे. औषध बंद पडलं की सात ते चौदा दिवसांत ते रक्तातून जवळपास नाहीसं होतं आणि पुन्हा सुरू केलं तर पातळी बनायला पुन्हा दोन आठवडे. म्हणजे पंधरा दिवस पुरवठा तुटला की रुग्णाचा जवळजवळ महिना जातो. एकादशी, चतुर्थी, श्रावणातले सोमवार या दिवशी 'आज जेवण नाही म्हणून औषध नाही' असं म्हणणारे मला सारखे भेटतात. उपवासाला साबुदाण्याची खिचडी पोटभर खाऊन त्यावर कॅप्सूल घ्या, एवढं सांगितलं तरी लोक ऐकतात. सांगणारं माणूस हवं.

बुरशीवरचं दुसरं औषध व्होरिकोनाझोल, त्याची तऱ्हा अगदी उलटी. काही रुग्णांना ते द्यावं लागतं. ते जेवणाच्या एक तास आधी किंवा एक तास नंतर घ्यायचं, भरल्या पोटी नाही. बारा-बारा तासांचं अंतर पाळायचं. पहिल्या दिवशी दुप्पट मात्रा द्यायची, म्हणजे पातळी लवकर गाठता येते. ते कोणाच्या शरीरात झपाट्याने संपतं, कोणाच्या शरीरात साचून राहतं, आणि हा फरक जन्मजात असतो. म्हणून रक्तातली पातळी मोजावी लागते. पुढचा डोस घेण्याआधीच्या नमुन्यात ती लिटरला साधारण 1 ते 5.5 मिलिग्रॅम असावी लागते. इट्राकोनाझोलवरून व्होरिकोनाझोलवर आलेला रुग्ण जुन्या सवयीने जेवणानंतर गोळी घेत राहतो. शिवाय या औषधाने ऊन सोसत नाही, कातडी भाजल्यासारखी होते. दिवसभर रानात राबणाऱ्या बाईला हे आधी सांगितलं नाही तर ती आठवड्याभरात औषध सोडते, आणि तिच्या जागी मी असते तर मीही सोडलं असतं.

सगळ्यांत मोठा अडथळा थेट आपल्या क्षयरोग कार्यक्रमाशी जोडलेला आहे, आणि म्हणूनच मी याबद्दल इतकं पोटतिडकीने लिहिते आहे. रिफाम्पिसिन, म्हणजे लघवी लाल करणारं टीबीचं औषध, यकृताला इतर औषधं भराभर मोडायला लावतं. इट्राकोनाझोल आणि व्होरिकोनाझोल यांची पातळी त्यामुळे इतकी खाली येते की औषध दिलं न दिल्यासारखं होतं. रिफाम्पिसिन थांबवल्यावरही हा परिणाम ओसरायला साधारण दोन आठवडे लागतात. आता कल्पना करा. एका माणसाचा टीबी काही वर्षांपूर्वी बरा झालेला आहे. त्याला पुन्हा खोकला आहे. थुंकीत जंतू नाहीत, तरी सावधगिरी म्हणून टीबीचा कोर्स सुरू होतो. मधेच कोणी खासगी डॉक्टर सीटी स्कॅनवर बुरशी ओळखतो आणि इट्राकोनाझोल लिहितो. रुग्ण एका हाताने टीबी केंद्रातून रिफाम्पिसिन घेतो, दुसऱ्या हाताने माझ्याकडून इट्राकोनाझोल. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांचा पत्ता नाही. माणूस दोन्ही औषधं न चुकता घेतो आणि बुरशी वाढत राहते. दोन्ही आजार खरोखर एकत्र असतील तर काय आधी द्यायचं, काय बदलायचं, हा निर्णय छातीच्या तज्ज्ञांचाच. पण दोन्ही एकत्र चालू आहेत हे दिसायला तरी हवं. निक्षय या टीबी रुग्णांच्या आपल्या ऑनलाइन नोंदीत दुसऱ्या औषधांच्या रकान्याकडे आज कोण पाहतं?

दम्याच्या पंपाबद्दल एका वाक्यात. बुरशीच्या ॲलर्जीमुळे दमा असलेल्यांना इट्राकोनाझोल आणि ब्युडेसोनाइड किंवा फ्लुटिकासोनचा पंप एकत्र दिला तर स्टेरॉइड अंगात साचतं आणि चेहरा सुजतो, साखर वाढते, म्हणून तेही तपासावं.

मोठ्या रुग्णालयांतल्या सलाईनवाटे द्यायच्या औषधांचाही मुद्दा आहे. 2021 च्या उन्हाळ्यात म्युकरमायकोसिसने, म्हणजे 'काळ्या बुरशी'ने, महाराष्ट्राला काय दाखवलं ते आपण विसरलेलो नाही. तिच्यावरचं औषध लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन, त्याची मात्रा किलोला रोज 5 मिलिग्रॅम, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 50 मिलिग्रॅमच्या सहा कुप्या, दररोज. कुप्या वाटपाने येत होत्या. आज चार, उद्या दोन. अशा वेळी औषध पोचलं की मिळालं असं मानलं जातं, पण खंड पडलेली मात्रा ही पूर्ण मात्रा नव्हे. ते डेक्स्ट्रोजमध्ये, म्हणजे साखरेच्या सलाईनमध्येच मिसळायचं, मिठाच्या सलाईनमध्ये नाही. ठरलेल्या वेळेतच सोडायचं. मूत्रपिंड आणि पोटॅशियम यांवर रोज नजर ठेवायची. आणि जास्त दिलं म्हणजे जास्त गुण, असंही नाही. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात फुप्फुसातल्या बुरशीच्या रुग्णांना सुरुवातीचे 14 दिवस किलोला 3 मिलिग्रॅम आणि 10 मिलिग्रॅम अशा दोन मात्रा देऊन पाहिल्या. मोठ्या मात्रेने गुण वाढला नाही, मूत्रपिंडाचे त्रास मात्र वाढले.

वेळापत्रक म्हणजेच उपचार, हे आपल्या विभागाला मी शिकवायला नको. 2017 मध्ये देशभर टीबीची आठवड्यातून तीनदा द्यायची पद्धत सोडून रोजची मात्रा आणली गेली. वजनानुसार गोळ्या, एकाच पत्त्यात चार औषधं, आशाताईंच्या नजरेखाली डोस, चुकला तर घरी फोन, गाव सोडलं तर दुसऱ्या जिल्ह्यात बदली. नुसतं औषध हातात देऊन टीबी बरा होत नाही, हे मान्य करून हे सगळं उभं केलंत. त्याच माणसाला, त्याच फुप्फुसात, टीबीनंतर बुरशी झाली की या सगळ्यांतलं काहीही त्याच्या वाट्याला येत नाही. तो चिठ्ठी घेऊन माझ्यासारखीच्या दुकानात उभा असतो.

म्हणून काही मागण्या. पैशांच्या आधी सवयीच्या मागण्या करते, कारण त्या उद्यापासून सुरू होऊ शकतात.

टीबीचा कोर्स संपल्यावर 6, 12, 18 आणि 24 महिन्यांनी रुग्णाला पुन्हा पाहायचं, असं आपल्याच मार्गदर्शक सूचनांत आहे. त्या भेटी खरोखर होऊ द्या. त्या वेळी खोकला, वजन, रक्त याबद्दल विचारा. त्रास असेल आणि थुंकीत जंतू नसतील, तर दुसऱ्यांदा टीबीची औषधं सुरू करण्याआधी ॲस्परजिलसविरुद्धची प्रतिपिंडं मोजणारी आयजीजी रक्ततपासणी आणि सीटी स्कॅन व्हावेत. ही तपासणी आज मोठ्या शहरातल्या खासगी प्रयोगशाळांत पैसे भरून होते. थुंकीचे नमुने आपण रोज पुणे-नागपूरच्या प्रयोगशाळांकडे पाठवता. रक्ताचा नमुनाही त्याच वाटेने जाऊ शकतो. इट्राकोनाझोल सुरू झाल्यावर दोन आठवड्यांनी रक्तातली पातळी मोजायची सोय किमान विभागीय शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत असावी. पातळी लिटरला अर्ध्या मिलिग्रॅमच्याही खाली असेल तर औषध बदलण्याआधी ते भाकरीवर घेतलं की चहावर, हे विचारता येईल.

इट्राकोनाझोल 2022 पासून राष्ट्रीय अत्यावश्यक औषध सूचीत आहे. राज्याच्या खरेदी प्राधिकरणाने ते जिल्हा रुग्णालयांसाठी घेताना एका रुग्णाच्या बारा महिन्यांचा हिशेब धरावा. 100 मिलिग्रॅमच्या रोज चार कॅप्सूल, म्हणजे वर्षाला 1,460. आणि वर्षभर शक्यतो एकाच बनावटीचा पुरवठा करावा. बनावट बदलावीच लागली तर पाकिटावर ठळक मराठीत ते लिहावं आणि किती कॅप्सूल घ्यायच्या तेही. निक्षयमध्ये बुरशीच्या औषधाचा रकाना असावा आणि तिथे खूण झाली की रिफाम्पिसिन देणाऱ्याला ती दिसावी. ऊसतोड कामगारांना हंगामाआधी निदान दोन महिन्यांचं औषध एकदम द्यावं आणि कारखान्याच्या गावच्या आरोग्य केंद्राला त्यांच्या नावाची चिठ्ठी जावी, टीबीच्या रुग्णाची जाते तशी.

आम्हा मेडिकलवाल्यांनाही यात घ्या. टीबीची औषधं कोणाला विकली याची नोंद आम्ही ठेवतोच. इट्राकोनाझोल सलग दोन महिने नेणारा गिऱ्हाईक दिसला की आम्ही त्याला विचारू शकतो: पूर्वी टीबी झाला होता का, आता कुठली औषधं चालू आहेत, पित्ताची गोळी घेता का, जेवता कधी. संशय आला तर केंद्रावर पाठवू शकतो. आम्हाला पाठवायचा पत्ता आणि ऐकून घेणारा माणूस द्या. आमच्या तालुक्यातले बाकीचे दुकानदारही तयार आहेत, मी त्यांच्याशी बोलले आहे. आपल्या जिल्हा कार्यालयाने एक दुपार दिली तर आम्ही सगळे येऊ आणि पाकिटावर काय लिहायचं ते तिथेच बसून ठरवू. हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो, त्याआधी ही बैठक व्हावी, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक फार्मासिस्ट, मराठवाडा